मायल्स ड्युगनचा वर केलेला हात

रविवारी खोटं बोलायचं नाही, असा माझा पन्नास वर्षांचा नेम आहे. म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत. पुढं डुलकी लागते आणि नेम विसरतो. ही गोष्ट मी नोरा टिअर्नीच्या खानावळीच्या व्हरांड्यात सांगितली तेव्हा वार रविवारच होता, पण रात्रीचे नऊ वाजले होते. आता तुमचं तुम्ही ठरवा.

आदल्या दिवशी बेसबॉलचा सामना हरलेली आमची पोरं कठड्यावर पाय टाकून बसली होती. जमिनीतल्या पांढऱ्या प्लेटमागं बसून पिचरनं फेकलेला चेंडू झेलणारा आमचा कॅचर ओटिस करंगळी दुखावली म्हणून कण्हत होता.

"करंगळी?" मी म्हटलं. "उशीएवढा मोजा घालतोस हातात, नि करंगळी? रात्री डोक्याखाली घे तो, निदान झोप तरी लागेल."

"बार्नीबाबा, एकदा प्लेटमागं बसून दाखवा, मग बोला."

"मी कशाला? मायल्स ड्युगन बसायचा. उघड्या हातांनी."

आत नोरा बटाटे सोलत होती. सुरीचा आवाज थांबला.

मायल्स म्हणजे नऊ वर्षांत अकरा क्लब. कुणाचा कॅचर मोडला की याला तार यायची, हा पिशवी उचलून गाडीत. ओहायो, कनेटिकट, परत ओहायो. हंगाम संपला की एकतर क्लब बुडायचा, नाहीतर हा काढला जायचा. बोटं मोडून वाकडी झालेली; हात मिळवला की वाटायचं, मुळ्यांची जुडी धरलीय.

"शनिवार, वीस सप्टेंबर, अठराशे चौऱ्याऐंशी," मी म्हटलं. "आमच्याच मैदानावर, पाहुण्या संघाकडून. सातव्या डावात बॅटची कड घेऊन चेंडू आला नि याच्या अनामिकेवर बसला. हाड बाहेर. तेव्हाचा नियम असा, की जखमी गड्याच्या जागी दुसरा आणायचा तर समोरच्या कप्तानानं हो म्हणायला हवं. मायल्सनं तोच हात वर करून विचारलं. आमचा कप्तान... रूफस म्हणू, माझ्या चांगला ओळखीचा... तो म्हणतो, 'पाय शाबूत आहेत ना? मग खेळ की!' लोक खो खो हसले. रूफस मोठा विनोदी माणूस."

"नालायक!" ओटिस म्हणाला.

"नालायक? तो शब्द चांगल्या माणसांसाठी ठेव!" मी कठड्यावर मूठ आपटली. "एका शब्दाचं काम होतं रे! एक 'हो'! नाही फुटला त्या डुकराच्या तोंडातून. का? तर चेंडू हवा होता. जिंकेल त्याला सामन्याचा चेंडू मिळायचा. त्यावर सोनेरी रंगात धावा नि तारीख लिहून कपाटात ठेवायचे. दहा सेंटाच्या कातड्यासाठी! मायल्स आणखी दोन डाव त्या हातानं झेलत राहिला. प्लेट लाल झाली. आम्ही जिंकलो."

कुणी हसलं नाही. एरवी माझ्या गोष्टीला हसतात.

"त्याचा संघ सोमवारच्या गाडीनं पुढं गेला. हा मागं राहिला, याच घरात, वरच्या खोलीत. जखमेतून धनुर्वात झाला. दातखीळ बसली. नऊ दिवस त्याला काहीतरी बोलायचं होतं... तोंड उघडलं नाही. आणि पुरायला अकरा क्लबांपैकी किती आले? एक नाही! एक फूल नाही, एक तार नाही! बोलवायला मात्र तारा होत्या हरामखोरांकडं."

मी पाइप पेटवला. दुसऱ्या काडीला पेटला.

"पुढच्या वर्षी, वीस सप्टेंबरलाच, रूफस मैदानावरच्या खोलीत तो चेंडू आणायला गेला. तंबाखूवाल्याच्या काचेत मांडायचा होता. रात्रीचे साडेनऊ. शीळ घालत गेला, कुलूप काढलं, चेंडू खिशात टाकला, बाहेर आला.

थप्.

उघड्या तळव्यावर चेंडू बसावा तसा.

त्यानं कंदील उचलला. प्लेटमागं कुणीतरी उकिडवं बसलेलं. समोर पिचर नाही. कुणीच नाही.

थप्.

शीळ थांबली.

प्लेटमागचा उठला. चालत आला. सावकाश. तोंड मिटलेलं... घट्ट. दहा पावलांवर थांबला. उजवा हात वर केला. अनामिका... लोंबत होती.

विचारत होता.

रूफसला कळलं. 'हो' म्हणायचं. एवढंच. म्हणायला गेला...

जबडा हलेना.

हात तसाच. वर.

..."

"मग?" ओटिसनं हळूच विचारलं.

"मग काय. कंदील टाकून पळाला. दातखीळ सुटली पहाटे. खिशातून चेंडू काढला. कुणाच्या हाती गेला नव्हता तो. तरी सोनेरी अक्षरांवर चार बोटांचे लाल ठसे. त्यातलं एक बोट आडवं. तीनदा रंगवला. ठसे परत वर येतात. तेव्हापासून रूफस गप्प बसत नाही. थट्टा कर, बडबड कर, काहीही. जबडा चालतोय ना, बघत असतो."

"जिवंत आहे तो?"

"ठणठणीत. तुझ्यापेक्षा जास्त जेवतो."

दार करकरलं. नोरा उंबऱ्यात उभी होती, हातात सुरी.

"दर वर्षी कप्तानाचं नाव नवं," ती म्हणाली. "मागच्या खेपेला एझ्रा होता, आता रूफस. पोरांनो, त्या दिवशी कप्तान हा होता. हाच! वर मी मायल्सच्या दातांत चमचा घालून पाणी पाजायला बघत होते, नि खाली हा माझ्या टेबलावर बसून चेंडू रंगवत होता."

पोरं माझ्याकडं वळली. मी जबडा हलवून पाहिला.

"आज वीस सप्टेंबर आहे, बार्नी. साडेनऊ व्हायला आलेत. मैदानाची किल्ली तुझ्याच खिशात असते. जा. त्याला हो म्हणून ये."