घड्याळाशेजारचं काळं आयकॉन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हे माझ्यासोबत घडलंय, आणि मी शुद्धीत होतो.

अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती. मंगळवारची भर दुपार. कागल एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं डिस्पॅच ऑफिस. डब्यात ढेमसं होती, म्हणजे दिवस आधीच वाईट चालला होता.

मला कृष्णात आण्णांचा कॉम्प्युटर आणि खुर्ची मिळाली होती. आण्णांनी त्याच खुर्चीत केस पांढरे केले आणि दिवाळीनंतर वारले. माझा बेत साधा. इथं थोडे दिवस काढायचे, पुण्यात नोकरी लागली की सुटायचं.

स्क्रीनच्या खाली उजवीकडे, घड्याळाशेजारी, एक काळं आयकॉन होतं.

मी ते लपवलं.

ते आलं...

सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. आलं. काढूनच टाकलं. आलं. दुधाला आमचं मांजरसुद्धा एवढं येत नाही.

वैतागून त्यावर माउस नेला... नाव उमटलं.

‘कृष्णात’.

टुंग!

नोटिफिकेशनचा कोरा चौकोन वर आला. बरोबर प्रिंटच्या बटणावर बसला. हलेना.

गेटपास निघेना. बाहेर मालाचा ट्रक उभा. साहेब आधीच बोलले होते, "गाडी अडली तर उद्यापासून येऊ नकोस."

कॉम्प्युटर बघणाऱ्या धैर्यशीलनं अख्खं विंडोज नव्यानं टाकलं.

टुंग...

"अरे, स्पीकरची पिन तरी काढ की!"

"भावा... ह्याला स्पीकरच न्हाय."

धैर्यशील जेवायला गेला. त्या दिवशी परत आला नाही.

चहा घेऊन अंबूबाई आल्या. परत उगवलेल्या आयकॉनवर मी माउस धरला होता; तिथलं नाव वाचून थबकल्या.

"दहाव्याला आण्णाच्या पिंडाला कावळा शिवला न्हवता. घरच्यांनी म्हस विकणार न्हाय म्हटलं, पोरीचं लगीन लावतो म्हटलं. तरी न्हाय. शेवटी दर्भाचा कावळा केला. जीव हितं अडकलाय बघ, राजवीर. शब्द दे."

"कॉम्प्युटरला?"

"मग काय मला देतोस?"

मी हात जोडले. इंजिनियरिंगचे सर बघायला नव्हते, तेवढं बरं.

"आण्णा, तुमचा कप कुणाला देणार नाही."

टुंग.

"रोज उदबत्ती लावतो."

टुंग.

खिडकीतून ट्रकवाला ओरडला, "ओ पावणं, पास देताय का मुक्काम करू?"

माझं डोकंच सटकलं. "आण्णा, तुमची खुर्ची मी सोडणार न्हाय! बास?"

शांतता...

चौकोन गेला. आयकॉन गेलं. मी हातही लावला नव्हता, तरी प्रिंटर घरघरला... गेटपास बाहेर आला.

अंबूबाई हसल्या नाहीत. "काय बोलून बसलास, कळलं न्हवं?"

नोकरी टिकली. गेल्या आठवड्यात पुण्याहून मेल आला. पगार दुप्पट. घरी, माझ्या कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर, राजीनामा लिहायला बसलो.

‘महोदय’ एवढंच टाइप केलं...

टुंग.

खाली उजवीकडे मी अजून बघितलेलं नाही. पुण्याला उत्तर द्यायची वेळ टळत चाललीये. किती वाजलेत तेही कळत नाही.

घड्याळ त्याच्या शेजारीच आहे ना...