खुराड्याचं दार

गाडीखाली उताणा पडून हरिहर चासीवरचा नंबर घासत होता, तेव्हा त्याला सगुणा पहिल्यांदा दिसली. म्हणजे तिची पावलं दिसली. ओली, मातीने माखलेली. पायात जोडवी नव्हती... आणि हे आपण नेमकं कशासाठी पाहिलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"कोण रे तू? बाहेर ये आधी."

तो घाईघाईत उठायला गेला आणि कपाळ आपटून, ग्रीस फासून बाहेर आला. माशांची पाटी कमरेवर टेकवून ती उभी होती. हसू दाबायचा तिचा प्रयत्न काही खरा नव्हता.

सन अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. कल्याणच्या खाडीकाठी, नाथा कोळ्याच्या अंगणात ती विलायती, दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी कशी आली, याचं कोळीवाड्यातल्या लोकांना आता नवल उरलं नव्हतं. एका गोऱ्या इंजिनियराला नाथा मासेमारीला न्यायचा. मायदेशी परतताना साहेब गाडी रीतसर नाथाच्या नावावर करून गेला. आता नाथाही नव्हता, आणि त्याच्या होडीच्या इंजिनाने मान टाकली होती. गाडी विकून होडीला नवं इंजिन घ्यायचं, एवढं त्याच्या मुलीने, सगुणाने, आणि तिच्या आईने, भागीरथीने, ठरवलं होतं.

गिऱ्हाईक होते ठाण्याचे काळुरामशेठ. त्यांची अट एकच, गाडी अस्सल हवी. एक भाग जरी बदललेला निघाला तरी सौदा नाही. अस्सल की नक्कल ते ठरवणार ठाकुर्लीचा हरिहर, कारण शेठ त्याच्या शब्दाबाहेर जात नसत.

हरिहरने रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. पत्र्याला चिकटलं तर पत्रा खरा, नाही तर आत पुट्टी, असं त्याने तिला समजावलं.

"आमच्यात माशाचा कल्ला उचलून बघतात," ती म्हणाली. "लाल दिसला तर ताजा."

गाडीवर रंगांचे इतके थर कसे, हे कोडंही तिनेच सोडवलं. दर नारळी पुनवेला होडीबरोबर गाडीलाही होडीचाच रंग लागायचा. हरिहर नखाएवढी जागा खरवडत गेला. निळा, हिरवा, पिवळा... आणि तळाशी जन्मजात लाल! खाऱ्या वाऱ्यातही पत्रा शाबूत होता. इंजिनाचा नंबरही जुळला.

हे खरं तर एका दुपारचं काम. हरिहरने ते आठवडाभर पुरवलं. भागीरथी रोज चहा द्यायची आणि रोज विचारायची, आज काय तपासलंत? तो आरसा म्हणायचा, स्टिअरिंग म्हणायचा. सगुणा मान खाली घालून जाळं विणत बसायची, पण तिचे कान इकडेच असायचे. आपण या मुलीच्या प्रेमात पडलोय, हे हरिहरला ठाकुर्लीला परत जाताना रोज नव्याने कळायचं.

शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं दार तेवढं उरलं. तो चुंबक काढणार, इतक्यात तिने ते त्याच्या हातातून घेतलं, दाराला लावलं आणि सोडलं. चुंबक मातीत पडलं.

"सागाचं आहे," ती म्हणाली. "तळाला गंज दिसला म्हणून बाबाने दारच बदललं. लोखंडावर त्याचा भरवसा नव्हता."

"तुम्ही... आधी का नाही बोललात?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण मग दुसऱ्या दिवशी तू आला नसतास."

गप्प राहावं, असा विचार त्याच्या मनात आलाही. पण समोर तिने स्वतःच चुंबक टाकलं होतं... शेठना खरं ते सांगावं लागेल, असं तो कसाबसा बोलला. सांगच, ती म्हणाली, आणि जाळ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. जुनं दार कुठे गेलं, हे तिला माहीत नव्हतं. ती तेव्हा लहान होती.

हात धुवायला तो घरामागे गेला. तिथे खुराड्यातून कोंबडी बाहेर यायचा प्रयत्न करत होती आणि दार अडकलं होतं. त्याने ते ओढलं... त्याच्या बोटांना ओळखीचा बाक लागला. दार आडवं बसवलेलं, वर होडीचा निळा रंग. आतल्या बाजूला कातडी खिसा होता आणि खिशात दोन अंडी. बिजागरीखाली नंबर, गाडीवरचाच!

त्याच्या हाकेने दोघी धावत आल्या.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," भागीरथी कपाळाला हात लावून म्हणाली. नाथाने आयुष्यात काही फेकलं नव्हतं, हे ती विसरलीच होती. सगुणा तर त्या दाराआड रोज कोंबड्या कोंडायची. लहानपणापासून पाहिलेली वस्तू डोळ्यांना दिसेनाशी होते, त्याला कोण काय करणार.

गंजलेलं असलं तरी दार अस्सल, म्हणून शेठ खूश झाले. सागाचं दार काढून जुनं बसवलं, गाडी ठाण्याला गेली, होडीला इंजिन आलं. आणि पुढच्या रविवारी हरिहर सागाचं दार खांद्यावर घेऊन अंगणात हजर.

"कोंबड्या उघड्यावर आहेत ना... म्हटलं, बसवून देतो."

त्याने दार बसवलं. बिजागरीला तेलही घातलं, आणि मग निघायचं सोडून तिथेच रेंगाळला. सगुणाने त्याच्या पिशवीतलं चुंबक काढून त्याच्या शर्टाच्या खिशावर टेकवलं. खटकन चिकटलं.

"अस्सल दिसतोस," ती म्हणाली.

हरिहरने खिशातला पाना काढून खाली ठेवला. चुंबक त्याच्या तळहातावर पडलं.

"पाना होता. फसवणूक नको," तो म्हणाला. "पण मला तू आवडतेस, सगुणा. लग्न करायचंय तुझ्याशी. हे खरं आहे... ते कशाने तपासायचं, मला नाही माहीत."

ती कानापर्यंत लाल झाली. मग पदर खोचून घराच्या दाराकडे वळली.

"चल आत. आई बसलीय," ती म्हणाली. "ती कल्ला उचलून बघेल."