शेषरावांचे ढेमसे

शेषराव पावसाळ्यात वारले, तरी भर हिवाळ्यात जळगाव जामोदच्या गल्ल्यांतून ते रोज सकाळी ओरडत जात. "ढेमसे घ्याऽऽ! वांगे घ्याऽऽ! कवळा सांभार घ्याऽऽ!"

आवाज त्यांचा, भोंगा त्यांचा, भाजीचा ऑटोही त्यांचाच. चालवणारं माणूस तेवढं बदललं होतं... त्यांची मुलगी पुष्पांजली. रेकॉर्डिंग उन्हाळ्यातलं, म्हणून भोंग्यात ढेमसे होते; गाडीत मात्र वांगे आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, एवढंच. गिऱ्हाइकं आठवडाभर दचकली, मग भाव करायला लागली.

त्या सकाळी धुक्यातून एक तरुण आला. कानावर हेडफोन, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला केसाळ माइक. दुरून वाटावं, मांजर बांधून आणलंय.

"पावभर ढेमसे द्या."

"नाहीत."

"पण आवाज तर—"

"बाबा म्हणतात तसं. बाबाइले कुठं ठाऊक, हिवाळा लागला म्हणून!"

यावर सगळे हसायचे. हा हसला नाही. हेडफोन काढून हळूच म्हणाला, "मग वांगे द्या."

तिला तेच खटकलं.

मग तो रोज यायला लागला. नाव गजेंद्र, गाव देऊळगाव राजा, मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर.

"लॉजवर चूल हाये का?" एकदा तिनं विचारलं.

"नाही."

"मंग एवढ्या वांग्यांचं काय करून राह्यले तुमी?"

"खिडकीत ठेवलेत... छान दिसतात."

बोलताना त्याची नजर तिच्यावर नव्हती, भोंग्यावर होती. संशय यायला एवढं पुरे. थोडा रागही आला, तो कशाचा हे तिनं तपासलं नाही.

उलगडा बेबीताईंनी केला. गल्लीतली कुठलीही बातमी आधी त्यांच्या ओट्यावर थांबायची. "अवं, ते पिक्चरवाले होत! भुताचा पिक्चर. बाई मेलेल्या नवऱ्याले बोलावते, अन् तो रेडिओतून बोलते. मेलेल्या माणसाचा आवाज धुंडून राह्यले म्हणे."

पुष्पांजलीनं दुसऱ्या दिवशी ऑटो त्याच्यासमोरच उभा केला. "माह्या बापाले भूत करता?"

तो गोरामोरा झाला. "कुलदीप सरांना, म्हणजे दिग्दर्शकांना, तो आवाज हवाय. मी म्हटलं, आधी विचारतो."

"मंग विचारलं काऊन नाही?"

"विचारायला लागलो की... तोंडातून वांगेच निघायचे."

"नाही देत. जा!"

ती तरातरा निघाली. आणि पुढच्याच वळणावर शेषराव 'ढेमसे घ—' म्हणून थांबले. तिनं बटणं दाबली, भोंगा थोपटला. खरखर, बस्स. दुसरीकडे कुठेच तो आवाज नव्हता. मोबाइलमध्ये फोटो होते, पण फोटो काही हाक मारत नाहीत. मोबाइलच्या दुकानदारानं भोंग्यातलं मेमरी कार्ड उलटंपालटं करून सांगितलं, "हे गेलं."

आता आवाजाचं काम जाणणारा गावात एकच उरला, गजेंद्र. म्हणजे चोराच्याच हातात किल्ली द्यायची होती.

दुपारी लॉजच्या व्हरांड्यात तो ते कार्ड लावून लॅपटॉपवर वाकला होता, आणि समोर पुष्पांजलीची आई गोजरबाई पहाऱ्याला बसली होती. बऱ्याच वेळानं त्यानं हेडफोन पुष्पांजलीच्या कानांवर ठेवले — बोटं केसांना लागू नयेत म्हणून इतका जपून, की शेवटी लागलीच.

शेषराव आले. स्वच्छ. आणि त्यांच्यामागे, आजवर भोंग्यात कधी ऐकू न आलेला तिचाच आवाज — "बाबा, जोरात म्हना न!" — आणि त्यांचं हसू.

तिनं डोळे पुसले. हेडफोन आईच्या कानांवर लावले. मग कोरडेपणानं विचारलं, "एक कॉपी ठेवली असंन तुमी."

"होती. ही बघा, पुसली."

तिचा विश्वास बसला नाही. पुसलेलं दिसणार तरी कसं?

उन्हाळ्यात मंगल कार्यालयात पडदा लावून पिक्चर दाखवला. पुष्पांजली चोर पकडायला गेली होती. पडद्यावर धुकं, कंदील, रेडिओपुढे बसलेली बाई. "बोला ना... एकदा तरी," बाई रडत म्हणाली. पुष्पांजलीनं खुर्चीचा दांडा घट्ट धरला. रेडिओ खरखरला...

आणि खरखरतच राहिला.

"भूत मुकं हाये का बे?" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. कुलदीप सरांनी पहिल्या रांगेतून वळून गजेंद्रकडे असं पाहिलं, की पिक्चरमध्ये नव्हती ती भीती तिथे दिसली. अख्ख्या हॉलमध्ये त्या खरखरीवर पुष्पांजली एकटीच रडली. हसत.

बाहेर, तिच्या ऑटोजवळच, गजेंद्र वायरी गुंडाळत होता.

"काऊन नाही टाकला आवाज?"

"तुम्ही नाही म्हणाला होतात."

"सरांले काय सांगितलं?"

"कार्ड गेलं म्हणून." त्यानं वर पाहिलं — भोंग्याकडे नाही, तिच्याकडे. "पुढच्या पिक्चरला मला घेणार नाहीत बहुतेक. आणि मी... वांगी खातच नाही. सकाळी तुम्ही दिसायच्या म्हणून..."

तिनं ऑटोतली टोपली पुढे ओढली. हिरवेगार, कोवळे, लुसलुशीत ढेमसे.

"मी लावले यंदा. बाबा आता खोटे नाही पडत."

"लॉजवर चूल नाही," तो पुटपुटला.

"ठाऊक हाये मले. माय करते भाजी. संध्याकाळी जेवाले ये." 'तुमी' कुठे गळून पडलं, ते तिच्या उशिरा लक्षात आलं, त्याच्या लगेच. ती घाईनं ऑटोत बसली. मग मान बाहेर काढून म्हणाली, "अन् ते काठीवरचं मांजर लॉजवरच ठेव."