खिंडीतली रोटी

आमच्या आलायच्या खोऱ्यात लांब निघालेला माणूस ताज्या रोटीचा एक घास खातो आणि उरलेली रोटी घरच्या भिंतीवर टांगली जाते. परत येऊन ती त्यानेच संपवायची. जिथे उष्टी रोटी टांगलेली, तिथे माणूस परततोच, असं मानतात. उलारदादाची रोटी पानगळीपासून खिळ्याला होती. हरवलेली घोडी शोधायला तो खिंडीकडे गेला. घोडी आपसूक परत आली, दादा नाही.

दोनदा शोधून झालं होतं. मे उजाडला तरी वर बर्फ होतंच, पण आईची भिंतीकडे लागलेली नजर मला सहन होईना. नुसती हाडं सापडली असती तरी ती रोटी उतरवता आली असती. आईला एकदाचं रडता आलं असतं आणि मलाही जरा पाठ टेकता आली असती. तेवढ्यासाठी तिसऱ्यांदा निघालो.

आईने तंदूरमधून काढलेली रोटी पुढे धरली. "घास घे, सागिन."

"एका रात्रीचं तर जाणं. मी काय लढाईवर चाललोय?"

"तोही एका रात्रीसाठीच गेला होता."

"मग आता भिंत भरून टाक रोट्यांनी."

तिने रोटी तशीच पुढे धरून ठेवली. मला वाईट वाटलं, पण घास काही घेतला नाही. रोटी तिच्याच हातात ठेवून पिशवीत कुरुतचे, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे, खारट गोळे टाकले नि चालू लागलो.

दुपारनंतर बर्फ मऊ पडतं. गुडघ्यापर्यंत रुतायचं, पाय उपसायचा, पुन्हा रुतायचं. बूट आतून भिजलेले, पिशवीचे पट्टे खांद्याला काचत होते. शिव्या द्यायचाही कंटाळा आला होता. तेव्हा ती पावलं दिसली.

ती खोल नव्हती, वर आलेली होती. हिवाळ्यात पायाखाली दबलेलं बर्फ घट्ट होतं. वसंतात आजूबाजूचं वितळतं आणि पाऊल तेवढं ओट्यासारखं उभं राहतं. यात नवल काही नाही. पण डावं पाऊल बाहेर वळलेलं होतं, आणि दादा तसाच चालायचा.

पावलं मेंढपाळांच्या दगडी खोपीच्या दारापर्यंत गेली होती. परत फिरलेली दिसली नाहीत. मी हाक मारली, मग दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. चुलीतली राख ओली होती. भिंतीवर एक रोटी टांगलेली होती. कुणी मेंढपाळ ठेवून गेला असेल, एवढंच मनात आलं. कुरुत केव्हाच संपलं होतं, अंगात त्राण नव्हतं. उभ्याउभ्याच एक घास तोडला.

रोटी आतून कोमट होती.

मग रोटीवरच्या नक्षीकडे लक्ष गेलं. आई पिसांच्या जुडीचा ठसा दाबून नक्षी उठवते; त्यातलं एक पीस तुटलंय, त्यामुळे तिच्या रोटीवर तेवढी जागा कोरी राहते. इथेही कोरी होती.

मी घाबरलो. घरच्या भिंतीवर माझं उष्टं काहीच नव्हतं. इथे होतं.

निघायला हवं होतं, पण बाहेर अंधार पडला होता. दाराला पाठ लावून बसलो, तिथेच डोळा लागला.

सकाळी दार उघडलं. काल दाराकडे आलेली पावलं आज दारापासून खाली जात होती. तशीच जुनी, घट्ट, उभी.

घरी पोचलो तर उंबऱ्याशी दादाचे बूट निथळत होते. भिंतीवरचा खिळा मोकळा होता.

"काल संध्याकाळी आला," आई हळूच म्हणाली. "वाळून दगड झालेली रोटी, सगळी खाल्ली बघ. झोपलाय आता."

आतल्या खोलीत रजईखाली कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी भिंतीला पाठ टेकून बसलो.

"काही बोलला?"

"दमलाय रे." आई माझ्या बुटांचे बंद सोडत होती. "सागिनने घास घेतला का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही घेतला, हट्टी आहे."

"मग?"

"'घेईल,' म्हणाला, आणि झोपला."