उंदरांखालचं अंथरूण

कोट दोरीवर होता आणि पाऊस पडत होता. खिशातल्या वस्तू काढून कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीत टाकल्या होत्या. किल्ली, रुमाल, पेपरमिंटच्या गोळ्या, दम्याचा फवारा.

*

उंदीर पाळणाऱ्यांच्या क्लबाच्या मार्चमधल्या प्रदर्शनात फळांच्या केकला कांद्याचा वास येत होता. कांदा चिरलेली सुरीच कुणीतरी केकला लावली होती. लोकांनी एकेक घास घेऊन बशा खाली ठेवल्या. क्लिफर्ड बॅरक्लफनं दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली आणि चहाच्या टेबलामागे उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "यंदा बरा जमलाय." सगळा हॉल हसला. नवरा असावा तर असा, असंही कुणी म्हणालं.

*

गुलाबी डोळ्यांच्या उंदरांना उजेड सोसत नाही. म्हणून क्लिफर्डच्या शेडमध्ये तांबडा दिवा होता. तांबड्या दिव्याखाली तपकिरी, तांबूस, मातकट, सगळं एकच दिसतं.

*

"वाळकं गवत नको, डोळ्यांत टोचतं. बारीक भुसा नको, नाकात जातो. पाईनची सालपटं नकोत. सीडरच्या तांबड्या लाकडाची तर मुळीच नकोत. वास गोड येतो म्हणून लोक विकत आणतात. तो गोड वासच उंदराची फुप्फुसं खातो. उंदराचं नाक अंथरुणापासून दोन बोटांवर असतं, हे डोक्यात ठेवा. पुठ्ठा घ्या, बारीक कापा, झटका. आणि गोणी उघडली की आधी स्वतः हुंगा."

क्लिफर्डचं क्लबातलं भाषण. दर वर्षी हेच. शेवटी तो गोणीत तोंड खुपसून हुंगून दाखवायचा.

*

गुरुवारी शेजारणीनं ठोकण्याचा आवाज ऐकला. तिनं टीव्ही मोठा केला. क्लिफर्ड जन्मभर सुतार होता. तो ठोकतच असायचा.

*

शुक्रवारी सकाळी आयडा सग्डनचा फोन वाजला.

"क्लिफर्ड गेला," मेव्हिस बॅरक्लफ म्हणाली. "काल, शेडमध्ये. दमा. सोमवारी जनावरांचा डॉक्टर येतोय, सगळे उंदीर संपवायला. क्लबातल्या कुणाला पिंजरे हवे असतील तर सांग. रिकामे करून देते."

"उंदीर का संपवायचे?"

"त्यांनीच मारला त्याला. आणखी काय?"

आयडा पोलिसात सार्जंट होती. निवृत्त झाल्यावर ती उंदरांची परीक्षक झाली. काम तेच, असं ती म्हणायची. कोण कुणाचा हे माहीत नसताना समोरच्याला हातात धरायचं आणि तो काय लपवतोय ते बघायचं.

प्रदर्शनाचा नियमच तसा होता. प्रत्येक उंदीर सारख्याच पेटीत आणि सारख्याच पांढऱ्या सालपटांवर. तळहातानं सपाट केलेला थर, कोपरे दाबलेले. पेटीवरून मालक कळता कामा नये. दुपारपर्यंतचं हे अंथरूण. घरी जाताच प्रत्येक जण आपापल्या आवडीचं घालायचा, आणि त्या आवडीवरून खोऱ्यातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली होती.

*

शेड परसात होतं. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं.

आत पिंजरे ओळीनं होते आणि सगळे उंदीर शिंकत होते. बारीक, कोरड्या शिंका. डोळ्यांभोवती तांबडं पाणी वाळलं होतं. नवख्याला ते रक्त वाटतं. आयडाला ठाऊक होतं, उंदीर आजारी पडला की असं रडतो.

तिनं खाली पाहिलं. प्रत्येक पिंजऱ्यात पांढरी सालपटं. थर सपाट, कोपरे दाबलेले.

तिनं नाक जवळ नेलं. पांढऱ्या सालपटांच्या वासाखाली दुसरा वास होता. पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा.

वरच्या पिंजऱ्यात, जाळीला, कापडाची झोळी टांगलेली होती. उंदीर झोळीतच झोपतात आणि खालचं अंथरूण तोंडानं उचलून झोळीत नेऊन ठेवतात. आयडानं आत हात घातला. एक ऊबदार मादी, पुठ्ठ्याचे तुकडे आणि काहीतरी गुंडाळलेलं, कुरकुरीत.

तिनं विजेरी लावली. रंध्याचं सालपट. गडद तांबडं.

ते तिनं रुमालात बांधलं. मादीला आपल्या कोटाच्या खिशात घातलं.

*

स्वयंपाकघरात मेव्हिस बटाटे सोलत होती.

"तुला केव्हा कळलं?"

"चहाला आला नाही तेव्हा. दारातून पाहिलं. पडला होता. फोन केला."

"पिंजरे कुणी साफ केले?"

"त्यानंच. गुरुवारी करतो. ते करतानाच गेला."

"तू आत गेलीस?"

"मी? त्या घाणीत? लग्नापासून पाऊल टाकलेलं नाही. प्रदर्शनात बघते तेवढे पुरेत."

"त्याचा फवारा कुठे होता?"

"कोटाच्या खिशात असतो. कोट धुवायला घेतला होता."

"आणि पावसात वाळत घातलास."

"या खोऱ्यात आणखी कशात घालायचा?"

आयडाला हसू आलं. तिनं ते येऊ दिलं.

"क्लिफर्डचं कुणाशी वाकडं होतं?"

"लेनर्डशी. अंथरुणावरून. म्हातारे बाप्ये, आणि भांडण कशावरून तर उंदरांच्या अंथरुणावरून." सुरी थांबली. "वर न्हाणीघरात जायचं असेल तर जा. तू मघापासून जिन्याकडे बघतेयस."

झोपायची खोली न्हाणीघराच्या आधी होती. दार उघडं होतं. पलंगावरची गादी मधे खचलेली, आणि एका बाजूला चादरीतून स्प्रिंगचा उंचवटा दिसत होता. तिथे घडी घातलेला टॉवेल ठेवला होता. टॉवेल मेव्हिसच्या बाजूला होता.

ही गादी सगळ्या क्लबाला माहीत होती. क्लिफर्डची आई तिच्यावरच मेली. "उंदरांना दर आठवड्याला नवं अंथरूण," क्लिफर्ड भाषणाच्या शेवटी सांगायचा, "आणि मेव्हिसला आईची गादी. दोघांचीही तक्रार नाही." लोक हसायचे. चहाच्या टेबलामागून मेव्हिसही हसायची.

आयडाही हसली होती. दर वर्षी.

*

लेनर्ड हिंचक्लिफ बागेतली लाकडी घरं बनवायचा, सीडरची. सालपटांच्या गोण्या फाटकाबाहेर पडलेल्या असायच्या. ज्याला हव्या त्यानं न्याव्या.

"कोण नेतं?"

"बागवाले. कोंबड्यावाले. मी काय पहारा करतो?"

"क्लिफर्डच्या पिंजऱ्यांत हे होतं."

लेनर्डनं रुमालातलं सालपट पाहिलं आणि खुर्चीत बसला.

"अगं, वेड लागलंय का तुला? तो माझ्या गाडीत बसायचा नाही, वास येतो म्हणून. त्याच्या शेडात मी हे नेलं असतं तर रस्त्यापलीकडून हुंगलं असतं त्यानं."

"तुझे उंदीर घरीसुद्धा पांढऱ्यावर असतात ना?"

"असतात. मस्त असतात. तो मला त्यावरून खाटीक म्हणायचा." त्यानं नाक पुसलं. "सगळ्यांसमोर."

"पिंजरा साफ करताना आधी काय काढतोस?"

"झोळी. आणखी काय? सगळी घाण तिथेच नेऊन ठेवतात हलकट."

"त्याच्या छातीचं तुला माहीत होतं?"

"दमा होता. म्हाताऱ्यांना असतो." त्यानं वर पाहिलं. "का?"

*

रविवारी प्रदर्शन झालं. मेव्हिस आली. काळ्या ड्रेसवर एप्रन बांधून तिनं चहा केला. नवरा गुरुवारी मेलेला असताना कशाला आलीस, असं कुणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मग सँडविच कोण करणार, तू?"

लोक गेले. पेट्या रिकाम्या झाल्या. आयडानं लेनर्डला थांबवलं. दाराजवळ एक बाई बसून होती. तिनं दिवसभरात एकही उंदीर पाहिला नव्हता.

आयडानं केकचा तुकडा लेनर्डपुढे ठेवला. त्यानं तो उचलला आणि तोंडाशी नेऊन खाली ठेवला.

"कांदा."

"हो. सुरी मी मुद्दाम तशी घेतली. मार्चमध्येही कुणीतरी मुद्दाम घेतली होती. तेव्हा आपण सगळ्यांनी केक खाली ठेवला. क्लिफर्डनं दोन तुकडे खाल्ले."

मेव्हिस कप पुसत होती.

"क्लिफर्डचं नाक मेलं होतं, लेनर्ड. कधीपासून, ते मला माहीत नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही. गोणीत तोंड घालून हुंगणारा माणूस, तो कसा सांगेल? पण त्याच्याबरोबर जेवणाऱ्या बाईला शंका आली. तिनं आधी खात्री करून घेतली, इथेच, आपल्या सगळ्यांसमोर. केक तिनं कापला होता."

"सुरी चुकली असेल," मेव्हिस म्हणाली.

"सीडरनं त्याची छाती आवळायची. तरुणपणापासून. जवळ गेलास तर मरशील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते डॉक्टरांनी काल सांगितलं. आपण समजायचो, तो उंदरांसाठी एवढा कटकट करतो. करायचा उंदरांसाठीही. पण स्वतःसाठी आधी."

लेनर्ड कपाकडे बघत राहिला.

"तुझ्या फाटकावरची गोणी तिनं नेली. क्लिफर्डच्या पुठ्ठ्याच्या पिंपात खाली सालपटं भरली आणि वर पुठ्ठा पसरला. तांबड्या दिव्याखाली रंग कळत नाही. त्यानं हुंगलं असेल. काही आलं नाही. मग दार लावून, वारा लागू नये म्हणून, तो एकेक पिंजरा हातानं भरत गेला. धूळ उडाली. खिशात हात घातला तर अंगात कोट नव्हता."

"हे लेनर्डनं केलं असेल," मेव्हिस म्हणाली. आवाज शांत होता.

"लेनर्डची खात्री होती की क्लिफर्डला रस्त्यापलीकडून वास येतो. तो असा डाव खेळलाच नसता. आणि लेनर्डनं पिंजरे साफ केले असते तर आधी झोळी काढली असती. ज्यानं केले त्याला झोळीत काय असतं ते माहीतच नव्हतं. प्रदर्शनाच्या पेटीत झोळी नसते, मेव्हिस. तू उंदीर फक्त इथे पाहिलेस, या टेबलामागून. सपाट, पांढऱ्या सालपटांवर. तुला वाटलं, उंदीर असेच राहतात. तांबडी सालपटं तू काढून टाकलीस, क्लिफर्डची प्रदर्शनाच्या सालपटांची पिशवी आणलीस आणि प्रत्येक पिंजरा पेटीसारखा सजवलास. कोपरे दाबून. क्लिफर्डनं घरच्या पिंजऱ्यात ते पांढरं जिवंतपणी कधी घातलं नाही."

मेव्हिसनं पुढचा कप पुसायला घेतला.

"रुग्णवाहिकेला फोन करायच्या आधी केलंस. तो मधे पडलेला होता. त्याच्यावरून पाय टाकत."

"बाजूला सरकवायचा म्हटलं तर जड होता," मेव्हिस म्हणाली. तिनं कप उलटा ठेवला. "आणि तुझ्या त्या उंदरांनी मला चावे घेतले. हे बघ."

तिनं हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी दातांच्या खुणा होत्या.

"म्हणून सोमवारचा डॉक्टर," आयडा म्हणाली. "त्यांच्या शिंका कुणी ऐकू नयेत म्हणून."

"नाही. ते मला नकोच होते म्हणून."

"ठोकण्याचा आवाज शेजारणीनं ऐकला. दाराला कडी नव्हती. तो बाहेर का आला नाही?"

"दार बाहेर उघडतं. मी टेकून उभी होते." ती जरा थांबली, आठवत असल्यासारखी. "वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही."

लेनर्डनं विचारलं, "तो काही बोलला का गं?"

"बोलला की. आतून ओरडला, वाऱ्यानं दार अडकलंय, उंदरांना बाहेर काढ. आधी उंदरांना काढ, म्हणाला."

दाराजवळची बाई उठली. तिनं आपलं पोलिसाचं ओळखपत्र दाखवलं आणि मेव्हिसला नावानं हाक मारली. मेव्हिसनं एप्रन सोडला, घडी केली, आणि केकवर जाळीचं झाकण ठेवलं.

"आयडा, तू तिथे होतीस. कोठडीत झोपायला काय देतात?"

"पातळ गादी. वर प्लास्टिकचं कापड."

"नवी?"

"नवी असते बहुतेक."

"मग झालं," मेव्हिस म्हणाली.

उंदीर लेनर्डनं नेले. पुठ्ठा कसा कापायचा ते त्यानं आयडाला दोनदा विचारलं. खिशातली मादी मात्र आयडाच्या स्वयंपाकघरात, स्टोव्हजवळ, बुधवारी मेली.

एकोणीसशे एकाहत्तरच्या उन्हाळ्यात क्लिफर्डनं स्वतःच्या लग्नासाठी तांबड्या सीडरचा पलंग केला. डोक्याकडच्या फळीला रंधा मारताना त्याची छाती पहिल्यांदा आवळली, आणि त्यानं तो पलंग विकून त्या जागी आईचा, गादीसकट, आणून ठेवला.