घासामागचं मौन

त्यानं मला मुकी समजलं... तिथूनच सगळं सुरू झालं.

आषाढातला शुक्रवार होता. खाली मस्कतमध्ये स्टिअरिंगला हात लावला तरी चटका बसावा असं ऊन, आणि वर जबल अख्दरला मात्र ओढणी घट्ट लपेटून घ्यावी असा गार वारा. आमचा ट्रेकचा ग्रुप फोटो काढत होता. मी एका झाडाच्या सावलीत डबा उघडून बसले होते. चातुर्मासात माझं एकभुक्त असतं, तेही मौनानं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बोलायचं नाही. बोललं की पानावरून उठायचं, ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायचं.

"मॅडम, जरा सरकता का? दोरी इथनंच जायचीय."

वर पाहिलं. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर दोरीचं वेटोळं, रापलेला चेहरा... आणि मराठी! मी नुसतीच सरकले. त्यानं नाव विचारलं, मी चावत राहिले. मग बिचारा हातवारे करून कडा किती खोल आहे ते समजावायला लागला... मोठ्ठे डोळे करून! मी डबा संपवला, चूळ भरली आणि हळूच म्हटलं, "मला ऐकू येतं हो."

तो कानापर्यंत लाल झाला.

"आणि मी मराठी आहे, हे कसं ओळखलंत?"

"डब्यात दशमी दिसली ना!"

तो रुपेश. मूळचा देवगडकडचा, डोंगरावरच्या हॉटेलात गाईड. कड्याच्या पोटातून पोलादी तार ठोकलेली आहे. तिला कडी अडकवत लोकांना पलीकडे न्यायचं, हे त्याचं काम.

मग दर शुक्रवारी मी जेवायची आणि तो समोर बसून बोलायचा. हिवाळ्यात इथे गारा कशा पडतात, चैत्रात गुलाबांच्या वासानं अख्खा गाव कसा भरतो, आश्विनात डाळिंबं कशी फुटतात...

"तुमच्यासारखं ऐकणारं माणूस नाही भेटलं," तो एकदा म्हणाला.

तो अर्धा तास माझा होता. निदान मला तसं वाटायचं.

भाद्रपदात ग्रुपमध्ये शिवांगी आली. मस्कतमध्येच वाढलेली, गोड, खळखळून हसणारी. तिच्या हेल्मेटचा पट्टा सारखा सुटायचा. एका सकाळी रुपेशनं तो तीन वेळा बांधला. मी मोजलं. रोज जपाची माळ ओढणारी बोटं माझी, आणि मोजत काय होते!

आश्विनातल्या एका शुक्रवारी मी दुसरा घास हातात घेतला होता. रुपेश सँडविच घेऊन समोर बसला, तर शिवांगी येऊन मध्येच टेकली.

"रुपेश, नेक्स्ट फ्रायडे फक्त आपण दोघं येऊ या ना? ग्रुप नको." मग माझ्याकडे वळून, "उत्तराताई, तुम्हाला चालेल ना? तुम्ही तर तशापण काही बोलत नाही!"

रुपेश तिच्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"कुणी अडवलं... तर नाही येणार," तो म्हणाला.

"कोण अडवणार?" ती हसली.

घास हातात तसाच. अकरा चातुर्मास झाले, नियम कधी मोडला नव्हता. ऑफिसातून साहेबांचा फोन आला तरी नाही, ताटात पाल पडली तरी नाही. देवा, सांभाळून घे...

"मी," मी म्हटलं.

शिवांगीचं हसू अर्ध्यावर थांबलं. मी उठले, डब्यातली दशमी बाजूला चरणाऱ्या शेळ्यांना घातली. पाठोपाठ सँडविचही तिकडेच गेलं.

"आज माझंही खलास," रुपेश म्हणाला.

"तुमचं कसलं व्रत?"

"आत्ताच धरलं."

तारेवरून परतताना कुणाचं तरी पोट गुरगुरलं. "तुमचं की माझं?" त्यानं मागून विचारलं. मी हसू दाबलं. पुढे शिवांगीनं आपला पट्टा आपणच बांधला होता. छान बांधता येत होता तिला!

दुसऱ्या दिवशी दुपारी मस्कतमधल्या वादी कबीरच्या घरी देवापुढे चुकीची क्षमा मागून पानावर बसले. पहिला घास घेतला आणि फोन वाजला. डाव्या हातानं स्पीकर लावला.

"जेवताय ना? म्हणूनच आत्ता केला," रुपेशचा आवाज. "मध्ये कोणी अडवणार नाही... उत्तरा, मला तुम्ही फार आवडता. आषाढापासून. गारा, गुलाब, डाळिंबं... बाराही महिने हा डोंगर तुमच्याबरोबर बघायचाय. चालेल का? घाई नाही. सावकाश जेवा... मी फोन ठेवत नाही."

ताटात दोन पोळ्या, भाजी, भातावर वरण. पानात टाकायचं नाही, हाही नियमच.

आयुष्यात पहिल्यांदा मी घाईघाईनं जेवले.