कमानीला खिळा चालणार नाही

"हातोडा खाली ठेव!"

मी ओरडले तेव्हा तो शिडीवर होता, दातांत खिळा धरून. त्याने खिळा हातात घेतला आणि गोड आवाजात म्हणाला, "इबू, नवरीकडचे दोन तासांत येतील. एकच... छोटासा!"

"इबू? तुझी आई शोभते का मी?"

त्याने मला नीट पाहिलं. "नाही... अजिबात नाही."

मी रेंगानिस. बांडुंगमधल्या आमच्या विद्यापीठाचं जुनं दीक्षान्त सभागृह मी सांभाळते. तिथे पदव्या दिल्या जातात आणि शनिवारी ते लग्नांना भाड्याने मिळतं. हा जवळच्या गारूत गावचा गिलांग, आईच्या दुकानातर्फे मांडव सजवायला आलेला. मी त्याला खाली उतरवलं आणि त्याचा हात कमानीवर ठेवला.

"शंभर वर्षांपूर्वी डच वास्तुकाराला एवढी लांब लाकडं मिळाली नाहीत. म्हणून पातळ फळ्या एकीवर एक रचून वाकवल्या, लोखंडी कड्यांनी आवळल्या. वर छप्पर मात्र सुमात्राच्या घरांसारखं. इथे खिळा ठोकलास तर फळी चिरेल... इकडे काय बघतोस? कमान तिकडे आहे."

"ऐकतोय की. कानांनी. डोळे रिकामेच होते."

आगाऊ कुठला! पण त्याने खिळे परत पिशवीत टाकले आणि नारळाच्या कोवळ्या झावळ्या कुंड्यांत उभ्या केल्या. पुढच्या शनिवारी तो आला तो गुळाच्या पाकातली गरम सुराबी, म्हणजे आमची तांदळाच्या पिठाची जाड धिरडी, घेऊन. त्याच्या पुढच्याही शनिवारी. मला तो आवडायला लागला, त्यात लपवायचं काय?

मग एका भलत्याच मांडववाल्याने पाचव्या कमानीत स्क्रू पिळला. फळीला बोटभर चीर गेली. विद्यापीठाच्या समितीने माझं लेखी मत मागवलं: इथली लग्नं कायमची बंद करायची का?

गिलांगच्या आईचं दुकान याच शनिवारांवर चालत होतं. आणि माझे शनिवार... तेही जाणार होते. तरी मी त्याला तोंडावर सांगितलं, "मी बंदीच लिहिणार आहे."

त्याने हातातली झावळी कुंडीत खोचली. "लिही."

"रागावलास?"

"खूप. पण माझ्यासाठी खोटं लिहिलंस तर जास्त रागावेन." मग हळूच म्हणाला, "मंगळवारी सकाळी समिती यायच्या आधी दार उघडशील?"

मंगळवारी तो, त्याची आई आणि चार चुलतभाऊ बांबू घेऊन हजर. ना खिळा, ना स्क्रू. गावाकडे घरं बांधतात तसे ताडाच्या काळ्या काथ्याने सांधे आवळले. पाऊण तासात मांडव स्वतःच्या पायांवर उभा राहिला, कमानींपासून वीतभर दूर. समितीच्या अध्यक्षांनी मांडव आणि कमान यांच्यामधून एक कागद फिरवला. सगळ्या कमानी झाल्या, कागद कुठेच अडला नाही.

"तुमचं मत?" त्यांनी मला विचारलं.

मी लिहून आणलेला कागद फाडला. "लग्नं चालू ठेवा. मांडव मात्र सगळ्यांनी असाच घालायचा." अध्यक्षांनी मान डोलावली आणि समिती मागच्या रांगेत सह्या करायला बसली.

गिलांगची आई जवळ आली. "पोरी, तुझ्या घरी एक शब्द ठेवायला यावं म्हणते. आधी कुणी ठेवलाय का?" आमच्याकडे मुलीला मागणी घालतात ती अशी.

"नाही ठेवलेला. रविवारी या," मी म्हणाले, "शनिवारी मला कामं असतात."

गिलांग कानापर्यंत लाल. "म्हणजे... हो?"

"आईंनी विचारलं, आईंना उत्तर दिलं. तू कुठे काय विचारलंयस?"

तो एक पाऊल पुढे आला आणि अगदी कुजबुजत म्हणाला, "रेंगानिस... लग्न करशील माझ्याशी?"

बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, या छपराखाली व्यासपीठाजवळची कुजबूजसुद्धा शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू जाते. मागे पेनं थांबली. अख्खी समिती माझ्याकडे बघत होती.

मला ठाऊक होतं. म्हणून मी "हो" म्हणाले... चांगलं मोठ्याने.